विझलेल्या सर्किटची लाट

शिंप्याच्या थोरलीला विद्यापीठात सगळे वाकडी म्हणत. चालायला ती सरळ, बोलायला त्याहून सरळ, नाकसुद्धा सरळच. पण नाव पडलं वाकडी, आणि ते पडलं एका लाटेवरून. लाट पाण्याची नव्हे, विजेची. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शिकणाऱ्या पोरांचं जगच निराळं असतं बघा. आईबापांनी ठेवलेलं नाव तिथे हजेरीपुरतं, खरं नाव प्रयोगशाळा ठेवते. एका पोराने पहिल्याच आठवड्यात कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा सुटा भाग, उलटा लावला, तो फाटकन फुटला, आणि तेव्हापासून तो पोरगा सगळ्यांचा 'बार' झाला. पुढे त्याला मुलगी सांगून आली, तिचा बाप चौकशीला विद्यापीठात आला, तर खऱ्या नावाने त्याला ओळखणारा एक माणूस सापडेना. ते असो.

थोरली या वाटेला लागली ती बापाच्या शिवणयंत्रामुळे. खाली दुकान, वर घर. यंत्राला बसवलेली मोटर महिन्यातून चारदा रुसायची आणि थोरली ती उघडून बसायची. एकदा तिने वायरी अशा जोडल्या की यंत्र उलटंच धावू लागलं. बाप तोंडात टाचण्या धरून बघतोय, समोर गिऱ्हाईक उभं, आणि अर्धी शिवलेली पँट भराभर मागे पळतेय. बापाने टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि शांतपणे विचारलं, "बिघडवलीस की सुधारलीस, तेवढं सांग."

"चालली ना, बाबा."

"चालली. पण मला पँट शिवायची होती, उसवायची नव्हती."

गिऱ्हाईक खो खो हसलं आणि जाता जाता म्हणालं, हिला त्याचंच शिकवा. बापाने मनावर घेतलं. इतकं घेतलं की पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगायचा, आमची थोरली संगणक बनवायला शिकतेय. वापरायला नव्हे हो, बनवायला.

शिकली ती चांगलीच. पहिली तिन्ही वर्षं बिनबोभाट पार पडली. गाडं अडलं शेवटच्या वर्षाला, एकाच प्रात्यक्षिकावर. त्याला सगळे ठोक्याचा प्रयोग म्हणत. आपल्या छातीत जसा ठोका, तसा संगणकाच्या पोटातही चालतो. त्या ठोक्यावरच त्याची सगळी कामं ताल धरतात. विद्यार्थ्याने आपल्या हाताने सर्किट जोडून असा ठोका तयार करायचा, सेकंदाला बरोबर एक हजार. मग तो स्कोपवर दाखवायचा. स्कोप म्हणजे छोट्या काचेचं एक यंत्र, विजेची चाल त्या काचेवर हिरव्या रेघेने उमटते. ठोका चांगला असेल तर रेघ किल्ल्याच्या तटासारखी चौकोनी येते: उभी वर, आडवी पुढे, उभी खाली.

आणि त्या प्रयोगशाळेत ती यायचीही तशीच. वर्षानुवर्षं, सगळ्यांची. ठोक्याचे प्राध्यापक, ज्यांना पोरं ठोकेसर म्हणत, ते स्वतः त्याच खोलीत शिकलेले. बाहेरच्या व्हरांड्यात प्रत्येक तुकडीच्या उत्तम लाटेचा फोटो चौकटीत लावलेला होता आणि सर येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून ते दाखवत. "कोपरे बघा. काटकोन. दुसरीकडे कुठे अशी लाट निघत नाही." मध्ये एका वर्षी त्यांनी बदल म्हणून सेकंदाला पाचशेचा ठोका करायला सांगितला, तर अख्ख्या वर्गाचा हजारच आला. सर बुचकळ्यात पडले, सुटे भाग बदलले, तरी हजार. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की आपल्या प्रयोगशाळेची हवा हजाराला मानवते, आणि पुन्हा हजारावर आले.

ही खोली सांभाळणारे होते लॅबमामा. मामांचा जीव त्या जुन्या स्कोपांवर. पोरं आपली चूक झाकायला "मामा, मशीन बिघडलंय" म्हणतात याचा त्यांना भयंकर राग. म्हणून त्यांनी दोन नियम घालून दिलेले. पहिला: आधी सर्किट चालू करायचं, स्कोप शेवटी, बंद करताना स्कोप आधी, सर्किट नंतर. म्हणजे मशीनला झटका बसत नाही. दुसरा: स्कोपला दोन वायरी असतात, त्यातली पहिली मामांनी नीट गुंडाळून, चिकटपट्टी मारून, कापडी झडपेखाली बसवलेली. तिला हात लावायचा नाही. शेजारचा खटकाही पट्टीने डकवलेला, तोही फिरवायचा नाही. पोरांनी दुसरी वायर आपल्या सर्किटला लावायची, काचेत बघायचं, गुण घ्यायचे आणि जायचं.

थोरलीला हे नियम कोणी सांगितलेच नाहीत. प्रयोग समजावून दिला त्या दिवशी ती तापाने घरी पडलेली. ती परीक्षेला आली ती सरळ पुस्तक वाचून. पुस्तकात म्हटलं होतं, दुसऱ्या वायरीवरचं बघायचं तर खटका दोनवर करा. तिने नखाने पट्टी उचकटली, खटका दोनवर केला आणि काचेत पाहिलं.

काय ती लाट. खांदे पडलेले, डोकं तिरपं, अंगभर कापरं भरलेलं. अवघडून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यासारखी. आजूबाजूला वीस काचांवर वीस तटबंद्या आणि हिच्या काचेवर हे ध्यान.

ठोकेसरांनी चष्मा वर केला, खाली केला. "लाट अशी असते का कुठे?"

"सर, तिसऱ्यांदा जोडलं. अशीच येते."

"मग हाताचा दोष आहे. बाकीच्यांची बघ."

बघितली. नापास झाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसली. मधल्या काळात घरी शिवणाच्या टेबलाखाली तिने असली सर्किटं डझनांनी जोडली. परीक्षेत खटका दोनवर, पुन्हा तेच ध्यान, पुन्हा नापास. वाकडी हे नाव तेव्हाच चिकटलं. आणि एरवी शब्दाला शब्द न वाढवणारा बाप त्या रात्री ताटावर म्हणून गेला, "पोरी, हात बसतच नसेल तर बसत नाही. माझाही काजाला बसत नव्हता, मी माणूस ठेवला."

तिसरी खेप शेवटची. विद्यापीठाचा नियम स्पष्ट होता: एका विषयात तीनदा नापास झालं की नाव कमी. पदवी नाही, अर्धी पदवीही नाही. वर्षं गेली ती गेली. तिकडे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण पदवी हातात पडल्यावर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी या वर्षीच्या तुकडीतली चष्मिस नावाची तिची मैत्रीण सरावाला बरोबर आली. थोरलीने सवयीने खटक्याला हात घातला तशी चष्मिसने तिच्या मनगटावर चापट मारली.

"काय करतेस?"

"दोनवर करतेय."

"कशाला? आजवर कोणी केलाय? मामांनी लावलाय तसा राहू दे. लाट आली की हात काढायचा, एवढंच असतं."

थोरलीने हात काढला. स्कोप चालू झाला आणि काचेवर तटबंदी उभी राहिली. काटकोन. सेकंदाला हजार. थोरलीने ओढणीने काच पुसून पाहिली. दोन वर्षं जी लाट तिने स्वप्नात पाहिली ती समोर चालत होती, आणि तिला आनंद काही होईना. एवढं सोपं होतं?

"आता रडतेस का, बाई?" चष्मिस म्हणाली.

"रडत नाही. कळत नाहीये."

"पास झाल्यावर कळून घे."

परीक्षेचा दिवस उजाडला. दुसऱ्या विद्यापीठातून परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि बोलण्याआधी समोरच्याकडे जरा वेळ नुसतं बघण्याची त्यांची सवय. ठोकेसर त्यांना व्हरांड्यातले फोटो दाखवून आत घेऊन आले. बाई म्हणाल्या, "सगळे एकसारखे आहेत हो." सर म्हणाले, "परंपरा आहे, मॅडम." आणि खूश झाले.

बाई एकेका टेबलापाशी जात होत्या. थोरलीची तटबंदी काचेवर झोकात चालू होती. सर्किटवरचा तांबडा दिवा पेटलेला. हात काढायचा, एवढंच असतं. पण शिंप्याच्या पोरीला रिकामं बसवत नाही. वीजपुरवठ्याच्या पेटीवरचा एक स्क्रू तिला सैल दिसला. बाई यायच्या आत घट्ट करावा म्हणून तिने पेचकस लावला, तो घसरला आणि दोन टोकांना एकदम टेकला. चर्र झालं. पेटीचा फ्यूज उडाला. तांबडा दिवा विझला.

संपलं, असंच वाटलं तिला. तिसरी खेपही गेली. तिने मान वर करून काचेकडे पाहिलं.

लाट चालूच होती.

तिने डोळे मिटले, उघडले. काटकोन, सेकंदाला हजार, जरासुद्धा न डगमगता. सर्किटवरून हात फिरवला; गार. पेटीची वायर भिंतीतून उपटून हातात धरली. लाट चालू. सर्किटच उचलून मांडीवर घेतलं आणि त्याची वायर सोडवली. आता स्कोपला काहीच जोडलेलं नव्हतं, आणि लाट आपली हिरवीगार, खुशाल चालली होती. मेलेल्या माणसाची नाडी हाताला लागावी तशी ती मागे सरकली.

तेवढ्यात बाई शेजारच्या टेबलावरून वळल्या. ठोकेसर मागे. सरांनी लांबूनच काच पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. "हिची लाट, मॅडम, दोनदा वाकडी आली होती. या वेळी बघा. जमलं शेवटी."

बाईंनी काचेकडे पाहिलं, मान हलवली, कागदावर पेन टेकवलं. थोरलीने सर्किट मांडीवर झाकून धरलं होतं. तोंड मिटून बसली असती तर काम झालं होतं. पदवी, लिफ्टवाल्यांची नोकरी, बापाची गिऱ्हाइकांपुढची मान, सगळं त्या पेनाच्या टोकाशी आलं होतं. पण दोन वर्षं एखादी गोष्ट छळत असेल आणि ती अशी समोर नागडी उभी राहिली, तर माणसाच्याने गप्प राहवत नाही. तोंडून निघून गेलं.

"मॅडम, हे बंद आहे."

"काय बंद आहे?"

"सर्किट. फ्यूज उडालाय. काही जोडलेलंच नाही." आणि तिने मांडीवरचं सर्किट उचलून दाखवलं.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग काचेकडे. मग सर्किटकडे. सर हसले, असं हसले की त्यात हसू नव्हतं. "काहीतरी उरलेली वीज असेल. कॅपॅसिटर धरून ठेवतो."

"सर, तो माझ्या हातात आहे."

बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापली सर्किटं बंद करा. स्कोपला हात लावू नका."

मामा दारातून धावले. "आधी स्कोप, मॅडम. नियम आहे."

"आज उलटं करू, मामा."

खटाखट बटणं बंद झाली. तांबडे दिवे ओळीने विझत गेले आणि खोलीतल्या एकूण एक काचेवर तीच तटबंदी तशीच चालत राहिली. याच तुकडीतला बार उभा राहिला तो उभाच. चष्मिसने चष्मा काढून हातात घेतला, जणू दोष चष्म्यात असावा.

मामा तेवढे अभिमानाने म्हणाले, "मी म्हणतच होतो. मशीन चांगली आहेत."

"मामा," बाईंनी विचारलं, "ती झडपेखालची पहिली वायर कुठे जाते?"

"कुठे म्हणजे? मशीनच्याच पितळी आकड्याला. मशीन स्वतःच्या तपासणीसाठी एक लाट बनवतं ना आत, ती त्या आकड्यावर मिळते. मी रोज सकाळी लावून बघतो. ती नीट दिसली म्हणजे मशीन ठणठणीत. मग पट्टी मारून ठेवतो, पोरांनी बिघडवू नये म्हणून."

"सेकंदाला किती असते ती?"

"हजार," मामा म्हणाले. "कायम हजार."

ठोकेसरांनी वाकून जवळच्या स्कोपचा डकवलेला खटका पाहिला: तो एकवर होता. इतकी वर्षं पोरं दुसरी वायर आपल्या सर्किटला लावत होती आणि काच पहिलीवरचं दाखवत होती. मशीनचीच लाट मशीनवर बघून गुण दिले गेले होते. "पाचशे," सर पुटपुटले, "तरीच पाचशे येईना." मग ते दार उघडून व्हरांड्यात गेले. पोरांनी खिडकीतून पाहिलं: सर एकेका फोटोपुढे थांबत होते, पुढे जात होते आणि अगदी टोकाच्या पिवळ्या पडलेल्या फोटोपुढे उभे राहिले ते हलेचनात. तो फोटो सरांच्या स्वतःच्या तुकडीचा होता. त्यांच्याच लाटेचा.

इकडे बाईंनी थोरलीला नवा फ्यूज दिला. "जोड. आणि तुझीच लाट दाखव मला."

तिने सर्किट जोडलं. पुरवठा चालू केला. खटक्यावरची पट्टी काढून तो दोनवर केला. आलं. तेच ध्यान, पडलेल्या खांद्यांचं, कापऱ्या अंगाचं. दोन वर्षांत तिळमात्र सुधारणा नाही. कोणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

बाई वाकल्या. "खांदे का पडलेत?"

"वायर लांब आहे म्हणून. आखूड केली की जरा वर येतात. पूर्ण येत नाहीत."

"आणि ही थरथर?"

"ती वरच्या ट्यूबलाइटची. दिवा घालवला की कमी होते. घरी माझ्या बापाचं शिवणयंत्र चालू झालं की याहून जास्त नाचते."

"हजारही नाहीत. साडेनऊशेच्या आसपास आहेत."

"कॅपॅसिटरवर लिहिलेलं एक आणि त्याच्या पोटात दुसरं, मॅडम. मी घरी बरेच लावून पाहिले. एकही लिहिल्याबरहुकूम निघाला नाही."

बाईंनी पेन टेकवलं, लिहिलं, कागद तिच्याकडे वळवून दाखवला. उत्तीर्ण. मग खोलीकडे बघून म्हणाल्या, "बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत आपापली लाट शोधा. चौकोनी नको. आपली हवी."

आणि मग जो गोंधळ उडाला तो सांगता सोय नाही. पट्ट्या टराटरा निघाल्या, खटके फिरले, आणि काचांवर एकाहून एक सोंगं उभी राहिली. एकीची लाट करवतीसारखी, एकाची नुसती आडवी पडलेली, बारची तर काचेबाहेरच गेली. ज्यांनी आजवर वाकडी लाट पाहिलीच नव्हती त्यांना ती का वाकडी ते कुठून कळणार? "अगं, इकडे ये जरा," "आधी माझ्याकडे, माझी हलतेय," अशी चहूकडून हाकाटी सुरू झाली.

पण थोरली जागची हलली नाही. तिला आता, सगळं झाल्यावर, खरा धक्का बसत होता. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मागच्या दोन्ही वेळी हीच लाट आली होती."

"हीच?"

"अगदी हीच. तेव्हा नापास झाले होते."

बाईंनी दाराकडे पाहिलं. दारात ठोकेसर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. सर आत आले. म्हणाले, "मी विद्यापीठाला लिहीन. कसं झालं ते सगळं लिहीन. वर्षं काही परत…" मग त्यांनी कपाटातून सर्किट जोडायची एक कोरी पाटी, म्हणजे ब्रेडबोर्ड, घेतला, मूठभर सुटे भाग घेतले आणि पोरांच्या रांगेत एका रिकाम्या स्टुलावर जाऊन बसले.

थोरली व्हरांड्यात आली आणि बापाला फोन लावला.

"बाबा, पास झाले."

पलीकडून बापाने दुकानभर ऐकू जाईल असं "पास" म्हटलं. मग म्हणाला, "बसला ना हात शेवटी?"

"नाही बाबा. हात आधीपासूनच बसलेला होता. मागच्या दोन वेळीही बरोबर होतं माझं. बाकीच्या सगळ्यांचं चुकलेलं होतं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. कित्येक वर्षांपासून. सरांचंसुद्धा."

बाप कोणत्या तरी गिऱ्हाइकाला "थांबा हो जरा" म्हणाला. नंतर त्याचा आवाज आला तो अगदी खालून. "आणि मी ताटावर तुला नाही ते बोललो."

"तुम्हाला तरी काय माहीत होतं?"

"मग त्या दोन वर्षांचं कोणाला विचारायचं, पोरी?"

"मी सरांनाच विचारणार होते." तिने दारातून आत पाहिलं. "पण ते आत बसलेत, बाबा. स्वतः सर्किट जोडून. त्यांचीही वाकडीच आलीय. मघापासून तिच्याकडे बघत बसलेत, आणि आता मला हात करून बोलावतायत. बहुतेक विचारायचंय, अशी का येते म्हणून."

बापाने पलीकडे टाचण्यांचा डबा बंद केला.

"मग जा ना," तो म्हणाला. "वडील माणूस आहे, ताटकळत ठेवू नकोस."